पहिल्या ओळीवरचा श्रीकार

सणासाठी गावी आलेली आम्रपाली दसऱ्याच्या सकाळी पांढरी साडी नेसून विहाराकडे निघाली होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथमधून अंजनामावशीची हाक आली. "आम्रपाली, सांगलीचा फोन हाय गं! माणूस लय घायकुतीला आलाय, पळ!"

सांगलीचा म्हणजे सुभेदार लालासाहेबांचाच. फौजेतून निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, नाहीतर पारावर बसून लढाया सांगतात. सुभेदारांनी रक्तदात्यांचं मंडळ काढलं होतं. गावोगाव फिरून अकराशे माणसांची नावं, रक्तगट आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन नंबर त्यांनी गोळा केले होते. कुणीतरी आपला जुना कॉम्प्युटर मंडळाला दिला. आम्रपाली सांगलीत कॉम्प्युटर क्लासवर शिकवायची. तिने एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची फाईल, लिहून दिली. रक्तगट टाकायचा, की ज्यांनी तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही त्यांची नावं, सांगलीला जवळचा आधी अशा क्रमाने, पडद्यावर यायची. वर्षभर ती स्क्रिप्ट घड्याळासारखी चालली होती. त्या भरवशावर सुभेदारांची जुनी वही केव्हाच मागे पडली होती.

"पोरी, तुजं मशीन रुसलं," सुभेदार म्हणाले. आवाज नेहमीचा कवायतीचा नव्हता. "आटपाडीकडची बाई सांगलीच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडलीया. लय रक्त गेलंय. ओ निगेटिव्ह पायजे, आन् त्या गटाची बाटली कुठंच न्हाई. तिची आई हरणाबाई हितं माझ्याम्होरं उभी हाय. बारापतूर रक्त आना म्हनलाय डाक्तर."

बूथमधल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती स्क्रिप्ट आम्रपालीची होती. वही बंद करा, हे सांगणारीही तीच होती.

"आबा, पडद्यावर काय लिहून आलंय? जसंच्या तसं वाचा."

सुभेदारांनी फौजेच्या इंग्रजीत वाचलं. "लाईन वन. सिंटॅक्स एरर. निअर अनएक्स्पेक्टेड टोकन. फुडं काय न्हाई, नुसत्या रेघा हायत."

रेघांचं आम्रपालीला नवल वाटलं नाही. त्या जुन्या मॉनिटरवर रेघा कायमच्याच होत्या. "बरं. फाईल उघडा आणि पहिली ओळ वाचून दाखवा."

"हॅश. उद्गारचिन्ह. बिन. एस. एच."

अगदी बरोबर. तिने लिहिली होती तशीच. दुसरी ओळ बरोबर, तिसरीही बरोबर. सुभेदार शेवटपर्यंत वाचत गेले आणि एक ठिपकाही इकडचा तिकडे नव्हता. मशीन म्हणत होतं पहिली ओळ चुकली, आणि पहिली ओळ तर चोख होती. मशीन खोटं बोलत नाही आणि सुभेदार तर मेले तरी बोलायचे नाहीत. मग चुकतंय कोण?

"कुणी हात लावलाय का आबा त्याला?"

"माझ्याबिगर कुनाची बिशाद हाय?"

मागून एका बाईचा दबका हुंदका ऐकू आला. आता स्क्रिप्टची उठाठेव सोडून यादीच उघडी करावी, असं आम्रपालीने ठरवलं. नावं वेडीवाकडी येतील, तारखा एकेक करून बघाव्या लागतील, पण काहीतरी हाताला लागेल. डिस्कवर जागा कमी लागावी म्हणून यादी दाबून ठेवलेली होती, तेव्हा ती उलगडायचा हुकूम ती एकेक अक्षर सांगू लागली. "झेड, सी, ए, टी. जागा सोडा. यादीचं नाव. जागा. आता आबा, एक उभी रेघ मारायची. ती कीबोर्डवर सहज सापडत नाही, दमानं शोधा. एंटरच्या जवळपास..."

"मारली."

क्लासमधल्या शिकल्यासवरल्या पोरांना ती खूण शोधायला दोन दोन मिनिटं लागायची. सुभेदारांना एका दमात कशी सापडली?

"आबा, तुम्हाला कशी माहीत ती रेघ?"

"कालच मारली की चारदा. खंडेनवमी न्हवती का!"

"खंडेनवमीला रेघा कशाला?"

"आगं, हत्याराची पूजा नको व्हय? तूच म्हनलीस, मशीनला हळदकुकू लावायचं न्हाई, पूड आत जाती. मग म्या आतच पूजा केली. फायलीच्या माथ्यावर दोन रेघा, श्री, दोन रेघा. झ्याक!"

आम्रपालीने कपाळावर हात मारला, आणि त्याच हाताने डोळे पुसले. देवा-धर्माचं तिला कुणी काही सांगायला जाऊ नये, पण त्या क्षणी तिला सुभेदारांच्या पाया पडावंसं वाटलं. मशीन खरं बोलत होतं. त्या उभ्या रेघा मॉनिटरच्या नव्हत्या, श्रीच्या होत्या. जोडीने मारलेल्या त्या रेघांना स्क्रिप्टमध्ये 'आधीचं जमलं नाही तर पुढचं कर' असा अर्थ असतो, आणि ओळीच्या आरंभीच, आधी काही नसताना, त्या आल्या की मशीनला पुढे सरकताच येत नाही.

"मग वाचताना सांगितलं का नाही?"

"श्री कोन वाचतं का मोठ्यानं? पत्र वाचताना मजकुरापास्नंच वाचत्यात न्हवं?"

"आबा, तेवढी ओळ पुसून टाका. लगेच चालेल."

सुभेदारांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, बाई तितं मरनाच्या दारात हाय. असल्या वक्ताला देवाचं नाव पुसू व्हय गं?"

आम्रपालीला क्षणभर राग आला. पण त्या आवाजातली भीती खरी होती, आणि वाद घालायला वेळ नव्हता. "पुसू नका. त्याच्या आधी फक्त हॅश मारा. हॅश असली की मशीन ती ओळ बघतं आणि पुढे जातं. तुम्ही पत्रावरचा श्री वाचत नाही ना, तसंच तेही वाचणार नाही. पण श्री जागच्या जागी राहील."

"ऱ्हातंय न्हवं?"

"राहतंय."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग सुभेदार एवढ्याने ओरडले की अंजनामावशीच्या हातातला कप हिंदकळला. "आली! नावं आली!"

पहिल्या दात्याच्या घरी फोन कुणी उचलेना, असं सुभेदारांनी पाचच मिनिटांनी कळवलं. दुसरा यल्लाप्पा, हळदीच्या बाजारातला हमाल. त्याच्या शेजाऱ्याकडे निरोप दिला होता. मग फोन गप्प झाला. आम्रपाली बाकावर बसून राहिली. विहारातली वंदना संपून माणसं परतू लागली, तरी ती हलली नाही. अंजनामावशीने चहा दिला, तो तसाच निवला.

दीड वाजता घंटी वाजली.

"यल्लाप्पा पळत आला गं! पोरगी झाली. बाळंतीन शुद्धीवर हाय," सुभेदार म्हणाले. "घे, हरणाबाईशी बोल."

"तूबी रगत दिलंस व्हय बाई?" थकलेल्या आवाजात हरणाबाईने विचारलं. कॉम्प्युटर, स्क्रिप्ट यातलं तिला काहीच उमगलेलं नव्हतं.

"नाही मावशी. मी नुसती फोनवर होते."

"व्हतीस न्हवं? म्या बघत व्हते. सुभेदार तुज्याशी बोलत व्हते, तवर माजा जीव थाऱ्यावर व्हता."

आम्रपालीने सकाळपासून धरून ठेवलेलं रडू आता कुठे फुटलं, आणि अंजनामावशीने न विचारता तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.