एक बस आणि ओरेस्ट बिलिक

मे महिना लागला की स्प्रूस नॅरोजमध्ये तळ्यावरचा बर्फ पुरता वितळायच्या आत माणसांची डोकी तापतात. गावच्या लून्स या आइस हॉकी संघासाठी नवी पोरं निवडण्याचा दिवस तोंडावर आलेला असतो. व्हर्नाच्या डोनटच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, सकाळी सातपासून त्या पोरांची चिरफाड सुरू होते. पोरं पंधरा-सोळा वर्षांची, लांबलांबच्या गावांतली. टेबलावरच्या एकानेही त्यांतल्या कुणाला खेळताना पाहिलेलं नसतं. त्यामुळे मतं एकदम ठाम असतात.

"मॅकिनॉनचा पोरगा घ्यायलाच हवा," निवृत्त पोस्टमास्तर एल्मर तुओमी म्हणाला. "सहा फूट दोन इंच! आणि अजून मिशीही फुटली नाही."

"पण त्याला बर्फावर वळता येत नाही म्हणे," व्हर्ना कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"सहा फूट दोनला वळायची गरजच काय? समोरचा वळतो."

पाव तासात गाडी नव्या पोरांवरून जुन्या चुकांवर आली. कुणाला कवडीमोल सोडलं, कुणाला डोळे झाकून आणलं, याची उजळणी झाली. शेवटी रेजां थिबोचं नाव निघालं आणि सगळे एकदम ओरेस्ट बिलिककडे बघायला लागले.

ओरेस्ट त्याच टेबलावर बसला होता. तो गावातल्या घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. चाळीस वर्षांपूर्वी लून्सनी रेजां थिबोला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तो रेजां पुढे चौदा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला, कप जिंकला. बदल्यात गावाला मिळाली एक वापरलेली बस आणि अठरा वर्षांचा ओरेस्ट. बस एकोणीस वर्षं चालली. ओरेस्टचा गुडघा तिसऱ्या सामन्यात गेला.

"तुला नाही हं बोलत आम्ही," एल्मर नेहमीसारखा म्हणाला. "त्या सौद्याला बोलतोय."

"माहितीये," ओरेस्ट म्हणाला आणि त्याने डोनट कॉफीत बुडवला.

"बस मात्र गुणाची होती," कुणीतरी पुटपुटलं. बसच्या आठवणीने दोघांनी टोप्या काढल्या.

यंदा रिंकला, म्हणजे लून्सच्या बर्फाच्या मैदानाला, पन्नास वर्षं होत होती. समितीने ठरवलं, निवडीच्या शनिवारी सकाळी रिंकवर सगळ्या गावाला पॅनकेक खायला बोलवायचं आणि 'सर्वांत पश्चात्तापाचा सौदा' कोणता, यावर मतदान घ्यायचं. पेटी व्हर्नाच्या दुकानात ठेवली. पाहुणा म्हणून खुद्द रेजां थिबो येणार होता.

"लाजा कशा वाटत नाहीत मेल्यांना?" ओरेस्टची बायको आयलीन कडाडली. "उचलून तळ्यात टाकते ती पेटी!"

"जाऊ दे गं. नाहीतरी जिंकणार आपणच."

बोलून गेल्यावर ओरेस्ट स्वतःच चपापला.

आणि मग एल्मरने घोळ घातला. त्याने क्लाइव्ह हच या गोलरक्षकाची बाजू लावून धरली. हचला लून्सनी नुसत्या 'पुढे बघू' या शब्दावर सोडलं होतं आणि बदल्यात पुढे कुणीच आलं नव्हतं.

"तिथे हाती काय लागलं? भोपळा!" एल्मर टेबलावर हात आपटून म्हणाला. "ओरेस्टच्या वेळी निदान काहीतरी आलं ना!"

ओरेस्टचा चेहरा उजळला. "काहीतरी म्हणजे?"

"बस!"

त्या दिवसापासून ओरेस्टला चैन पडेना. चाळीस वर्षं ज्या गोष्टीपायी मान खाली घातली, ती गोष्टसुद्धा आता हातची जाणार? तो घरोघरी भट्ट्या साफ करता करता विषय काढू लागला.

"मत दिलंत का, मिसेस पॉवेल?"

"तुझ्याविरुद्ध कशी देऊ रे? किती गुणी माणूस तू!"

"गुण कसले घेऊन बसलात! तीन सामन्यांत एक गोल केला मी, तोही आपल्याच जाळ्यात. माझ्यासाठी एवढं करा, द्या मला."

शनिवारी अख्खं गाव रिंकवर लोटलं. रेजां नऊ तास गाडी हाकत आला होता. दोन्ही खुबे बदललेले, त्यामुळे चालताना बदकासारखा डुलत होता. व्हर्नाने निकाल वाचला. क्लाइव्ह हच, दोनशे बारा. रेजां थिबो, दोनशे आठ.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच रेजां उठून उभा राहिला.

"दुसरा? मी दुसरा? तो हच पुढे कुठवर गेला?"

"विमा विकतो," एल्मर म्हणाला.

"आणि त्याच्यासाठी रडता? मी कप जिंकलाय! परत मोजा!"

"मोजलीत," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "सतरा चिठ्ठ्या बाद केल्या. सगळ्या एकाच अक्षरातल्या, आणि सगळ्यांना भट्टीच्या तेलाचा वास."

ओरेस्ट पॅनकेकवर ओतायच्या पाकाच्या बाटलीवरचं लेबल मन लावून वाचू लागला.

रेजां धुसफुसत त्याच्याच शेजारी येऊन टेकला. "तुम्ही कोण?"

"तुमच्या बदल्यात आलेला."

रेजांचा काटा हवेतच राहिला. "माझ्या बदल्यात बस आली होती."

"बस आणि मी."

"मला कुणी बोललंच नाही हो! चाळीस वर्षं जिथे जाईन तिथे सांगतोय, मला एका बसवर विकलं म्हणून. पोटं धरून हसतात लोक." त्याने ओरेस्टला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माणूसही होता म्हणायचा."

ओरेस्टला राग यायला हवा होता. आला नाही. उलट, कुणीतरी आपल्याकडे पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखं वाटलं.

"कुठला गुडघा?" रेजांने त्याच्या आखडलेल्या पायाकडे बघत विचारलं.

"डावा."

"माझे दोन्ही खुबे. पाक द्या इकडे."

एवढ्यात एल्मर मोबाइल नाचवत ओरडला, "मेलो! लून्सनी पहिल्या निवडीचा हक्कच देऊन टाकला! मॅकिनॉन गेला हातचा!"

"बदल्यात?"

"सतरा वर्षांचा कुणीतरी बचावपटू."

सगळ्या रिंकमधून एकच हाय उठली.

"नाव काय त्याचं?" ओरेस्टने विचारलं.

"नावाला काय चाटायचंय? मॅकिनॉन गेला!"

"एल्मर, नाव वाच त्याचं."

ओरेस्टचा चढलेला आवाज त्या गावाने कधी ऐकला नव्हता. एल्मरने निमूटपणे चष्मा लावला, बारीक अक्षरांतून बोट फिरवलं.

"कॅलेब... नॉवलिन. का नॉलिन?"

"नीट बघ."

"उंची किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाच फूट नऊ."

"संपलं मग," सगळ्यांच्या आधी रेजां थिबो म्हणाला, आणि गावाने माना डोलावल्या. ओरेस्ट मात्र खिशातून पेन्सिल काढून एल्मरच्या खांद्यावरून वाकून त्या नावाचं एकेक अक्षर कागदी रुमालावर उतरवत राहिला.