पंपातला पडदा

सांगितलं तेवढंच केलं असतं, तर सुखदेव वाघमारेला आठ जुन्या गाड्यांची कायमची देखभाल मिळणार होती. त्यासाठी खोटं बोलायचं नव्हतं की चोरी करायची नव्हती. इंजिनाला पेट्रोल खेचून देणाऱ्या पंपात गिऱ्हाइकाने आणलेला रबरी पडदा बसवायचा, एवढंच.

विश्रांतवाडीच्या आपल्या गॅरेजमध्ये त्याने तो पडदा उजेडाकडे धरला आणि अंगठ्याने वाकवून पाहिला. जुन्या बाजारातलं पाकीट चाळीस वर्षांनी फोडलेलं, पडदा मात्र कोरा करकरीत. घात त्यातच होता. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात असलं रबर चार दिवसांत फुगतं, मग फाटतं, आणि गाडी जिथे असेल तिथे बसकण मारते.

गाडी महिपती सरांची, चौऱ्याहत्तर सालची फियाट. सर शनिवार पेठेतले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आता गाडी चालवू नये, असं त्यांची मुलगी उत्कर्षा तीन वर्षं म्हणत होती, आणि ती म्हणायला लागली की सर पेपर उघडत होते. शेवटी पैज ठरली. गाडीची टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत दुरुस्ती करून घ्यायची आणि सरांनी रविवारी ती खडकवासल्याला नेऊन आणायची. धड परत आली तर उत्कर्षाने पुन्हा विषय काढायचा नाही. वाटेत बंद पडली तर सरांनी ती शुभंकरला विकून टाकायची. जुन्या गाड्या जमवणाऱ्या बाणेरच्या या शुभंकरकडे अशा सात गाड्या होत्या. आठवी आली की आठही सुखदेवकडेच, असं त्याने गॅरेजात बसून, चहा पिऊन कबूल केलं होतं. चहा अर्थात सुखदेवचा.

गाडी सोडताना सरांनी सूचनांचा कागद दिला होता. टाकी धुवावी. कार्बोरेटर उघडून साफ करावा. पाइप नवीन चालतील. चौथ्या सूचनेखाली दोन रेघा होत्या: पंपातला पडदा मी दिलेलाच बसवावा. चर्चा नको.

सुखदेवने तरीही चर्चा करून पाहिली. नवीन जातीचा पडदा या पेट्रोलाला टिकतो, तो म्हणाला. त्यावर गाडी कोणाची आहे, एवढंच सरांनी विचारलं.

टाकी धुऊन झाली, पाइप बदलून झाले. पंप त्याने शेवटी हातात घेतला. सरांचा पडदा बसवला, स्क्रू आवळले, आणि पुन्हा काढले. मग नवीन पडदा घातला आणि सरांचा पाकिटात घालून कपाटात ठेवून दिला. म्हाताऱ्याचं एकुलतं सुख आपल्या हातून जाऊ नये, असं त्याला वाटलं होतं. बायकोला मात्र त्याने सांगितलं की गॅरेजचं नाव गेलं असतं.

रविवारी उत्कर्षा सरांच्या शेजारी बसली. गाडी खडकवासल्याला गेली, धरणाजवळ दोघांनी भजी खाल्ली, आणि गाडी एकदाही न अडखळता परत आली. शुभंकर विक्रीचे कागद घेऊन सरांच्या दारात उभा होता, गाडी कशी येते ते पाहायला सुखदेवही आला होता. त्याने कागद पिशवीत घातले आणि चहा न घेताच गेला.

"ओके बाबा, यू विन," उत्कर्षा म्हणाली. "आता नाही काढणार विषय." ती वर निघून गेली.

सर अजून गाडीतच बसून होते. सुखदेव खिडकीपाशी वाकला.

"सर, तुमचा पडदा मी टाकला नाही. नवीन टाकला."

"चर्चा नको, असं लिहिलं होतं मी."

"पण तो अर्ध्या वाटेत फाटला असता, सर."

"अहो, रसायनशास्त्र शिकवलंय मी कॉलेजात. रबराचं काय होतं, ते तुम्ही मला सांगणार?"

"मग पाइप कसे नवीन चालले?" सुखदेवने विचारलं.

"पाइप फुटला तर आग लागते. मुलगी शेजारी बसणार होती. गाडी नुसती बंद पडायला हवी होती मला."

सरांनी दार उघडलं. दोन्ही हातांनी डावी मांडी धरली आणि तो पाय उचलून बाहेर, जमिनीवर ठेवला.

"वर्षभर हा गुडघा वाकत नाहीये. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"मग ताईंना सांगा की सरळ."

"म्हणजे तीन वर्षं तिचंच बरोबर होतं, असं होईल."

"होऊ द्या, सर."

"आता? पैज जिंकून?"

सुखदेवने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. दाराला धरून उठले.

शुभंकरने पुढच्याच महिन्यात नाशिकहून आठवी गाडी आणली, आणि मेकॅनिकही दुसराच धरला. उत्कर्षा पैज हरली खरी, पण बाबा या वयात फियाट चालवतात, हे ती ऑफिसात कौतुकाने सांगते. एखाद्या रविवारी सर निघाले नाहीत, तर बरं नाही का म्हणून विचारते. मग सर निघतात. पडदा काही फाटत नाही. एकूण सुखदेवने आठ गाड्या घालवल्या, त्या एकदाच. सरांचा डावा गुडघा दर रविवारी हप्ता भरतो.