उरलेल्या चौतीस गल्ल्या

मित्रांनो, मी एक जुना घडीचा नकाशा आहे. परदेशातल्या एका शहराचा. माझ्यावरचा एकही रस्ता कोरा राहिलेला नाही, सगळ्या रस्त्यांवर लाल पेन्सिलीची रेघ आहे. ऐकायला ही बढाई वाटेल. पुढचं ऐकलंत की तशी वाटणार नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. आधी पिवळा रंग चढला, मग निळा, मग काळा. निळ्याच्या वेळी कागद केसभर सरकला आणि माझी नदी डाव्या काठावरच्या घरांत थोडी शिरली. कापणाऱ्याने मला उजेडात धरून पाहिलं, "चालतंय," म्हणाला आणि गठ्ठ्यात टाकलं. मग स्टेशनाबाहेरच्या एका टपरीवर मी आणि माझी भावंडं तारेच्या स्टँडवर उभी राहिलो. आमचं आयुष्य फार नसतं. पाहुणा येतो, आम्हाला विकत घेतो, दोन दिवस उलटसुलट धरतो, चुकीच्या घड्या घालतो आणि जाताना हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो. माझंही तसंच व्हायचं होतं. पण मला एका फिटरने घेतलं.

हे फिटर एका कारखान्यात बाटल्या भरायचं यंत्र बसवायला चार महिन्यांसाठी आले होते. पन्नाशी ओलांडलेले, बोटं जाड, बोलणं कमी. त्यांनी मला पहिल्यांदा उघडलं आणि मिटताना बरोबर मूळच्याच घडीवर मिटलं. मला तेव्हाच कळलं, हा माणूस वेगळा आहे.

त्यांच्या कामात एक पद्धत होती. नट पक्का आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची आणि शेजारी तारीख टाकायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर नट ढिला झाला असं समजायचं. आणि ज्याच्यावर रेघच नाही, तो नट आवळलेलाच नाही. मग त्याच्यावर शंभर वेळा पाना फिरवला असला तरी. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. रेघ नसलेला नट मागे ठेवून ते जेवायलासुद्धा जात नसत.

तीच सवय त्यांनी मला लावली. संध्याकाळी काम सुटलं की ते चालायला निघत. खोलीवर परत आले की मला पलंगावर पसरत, चाललेल्या रस्त्यावर लाल रेघ ओढत आणि बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात तारीख लिहीत. किल्ल्या बनवणाऱ्याची गल्ली. दोन पुलांमधला दगडी काठ. एक चढ असा, की वर पोचल्यावर म्हातारी माणसं तिथल्या बाकावर बसतात आणि एकमेकांशी न बोलता धापा टाकतात. फिटरही तिथे बसले होते.

त्यांच्याबरोबर कंपनीचा एक इलेक्ट्रिशियन आला होता. दोघांची खोली एकच. तो रविवारी दुपारपर्यंत झोपायचा. माझ्याकडे बघून एकदा म्हणाला, "काका, तुम्ही शहर बघताय की शहराची सर्व्हिसिंग करताय?"

"अर्धवट बघून काय उपयोग?" फिटर म्हणाले.

"अहो, जगात कुणी पूर्ण बघितलंय का एखादं गाव? मी माझ्या गावाचं पोस्ट ऑफिस अजून बघितलं नाही."

रोज जेवणाच्या सुट्टीत फिटर घरी फोन लावत. तिकडे तेव्हा दिवेलागणीची वेळ असे. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात असल्यामुळे मला सगळं ऐकू येई. त्यांच्या बायकोचा आवाज मोठा आणि हसरा होता. तिने स्वतः परदेश कधी पाहिला नव्हता.

"अहो, काल कुठे भटकलात?" ती विचारायची.

"नदीपलीकडे."

"नदीपलीकडे काय? नीट सांगा. घरी येऊन नुसतं 'छान होतं' म्हणालात ना, तर दारातच उभं करीन."

मग फिटर आठवून आठवून सांगत. तिथल्या खिडक्यांना पडदे कसले आहेत, धोब्याच्या दुकानात यंत्रं किती आहेत, लोक रांगेत किती अंतर ठेवून उभे राहतात. ती मध्येच म्हणायची, "थांबा, थांबा, भाजी लागेल," आणि परत येऊन म्हणायची, "हां, बोला." मला तेव्हा फार बरं वाटायचं. माझ्या रेघा इतक्या लांबच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचत होत्या.

तीन महिन्यांनंतर तिच्या आवाजात थकवा यायला लागला. एका रविवारी ती म्हणाली, "जेवण जात नाहीये हो. दोन घास खाल्ले की पोट भरतं. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिलीय. घरचं कुणीतरी बरोबर आणा म्हणालेत."

"मग?"

"पोरगी म्हणत होती मी येते. मी म्हटलं, नको, तुला शाळेत रजा टाकावी लागेल. बाबा शनिवारी येताहेत. सोमवारची वेळ घेतलीय. तुम्ही आलात की जाऊ."

"जाऊ," फिटर म्हणाले.

मंगळवारी यंत्र चालू झालं. एकही बाटली न फुटता दिवसभर चाललं. कारखान्याच्या व्यवस्थापकाने कागदावर सही केली, हात हातात घेऊन हलवला. काम संपलं. त्या संध्याकाळी फिटरनी मला पलंगावर पसरलं आणि बघत बसले. नदीच्या पूर्वेला अजून चौतीस गल्ल्या कोऱ्या होत्या. त्यांनी बोटाने मोजल्या, दोनदा.

मित्रांनो, इथे मला माझी कबुली द्यायची आहे. मी कागद आहे, मला हात नाहीत, तोंड नाही. पण त्या संध्याकाळी मी काय म्हणत होतो ते मला ठाऊक आहे. माझी सगळी भावंडं अर्धवट वापरून फेकली गेली होती. मला पूर्ण व्हायचं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांबा, आणखी थोडं थांबा.

बुधवारी त्यांनी कंपनीला विचारलं, साठलेली रजा इथेच घेऊ का? कंपनीने हो म्हटलं. अठरा दिवस मिळाले. मग त्यांनी घरी फोन लावला.

"यंत्र अजून बसलेलं नाही," ते म्हणाले. "इलेक्ट्रिकचं संपलं, तो पोरगा शनिवारी येतोय. माझं राहिलंय. अठरा दिवस लागतील."

 मग ती म्हणाली, "बरं. अर्धवट टाकून येऊ नका. मी कुठे पळून चाललेय?"

"आणि ती तपासणी?"

"पुढची वेळ घेते की. तुम्ही आल्यावरची."

'पोरीला घेऊन जा' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दही नाहीत. ते त्यांच्या ओठांपर्यंत आले होते, मी छातीजवळ होतो, मला कळलं. पण तसं म्हटलं असतं तर दुखणं घाईचं आहे असं मान्य करावं लागलं असतं. आणि ते घाईचं असतं, तर त्यांना शनिवारीच निघावं लागलं असतं. म्हणून ते म्हणाले, "बरं, काळजी घे." आणि फोन ठेवला.

इलेक्ट्रिशियन शनिवारी गेला. फिटर रोज सकाळी न्याहारी करून निघत. आता संध्याकाळची वाट बघायची गरज नव्हती. त्या अठरा दिवसांत त्यांनी शहर जसं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं, आणि तितक्या आनंदात त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं मी. खोटं सांगायला नको, मीही खूश होतो. जेवणाच्या वेळी फोनवर मात्र ते पाना, पट्टे, बेअरिंग असलं काहीतरी बोलत. गल्ल्यांचं सांगणं बंद झालं. तिनेही विचारलं नाही. तिला वाटलं असेल, दमलेले असतात.

सगळ्या गल्ल्या झाल्या. ते घरी गेले.

तपासणी झाली. मग आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टर कागद उलटताना, वर न बघता म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं." किती आधी, ते त्यांनी सांगितलं नाही. फिटरनीही विचारलं नाही. मी त्यांच्या पिशवीत होतो. शेजारी मुलगी उभी होती. तिनेही ते ऐकलं.

सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत एक दिवस बायको उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "अहो, तो नकाशा आणलात ना? दाखवा की. बसल्या बसल्या फिरून येते."

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. कपाटाच्या खालच्या खणात, पंख्याच्या आणि शिलाई मशीनच्या गॅरंटीच्या कागदांखाली. माझ्या प्रत्येक रेघेजवळ तारीख होती.

"तिकडेच राहिला वाटतं," फिटर म्हणाले.

"तुम्ही? आणि वस्तू विसरून आलात?" ती हसली. "म्हातारे झालात."

मित्रांनो, वारा आला तर कागद फडफडतो. बंद खणात वारा येत नाही.

ती गेली. त्यानंतर दोन वर्षं मी त्या खणात होतो. मला कसर लागली, एक घडी विरली. त्याचं दुःख मला फार वाटलं नाही. मला ऐकू येत होतं त्याचंच जास्त वाटायचं. मुलगी दर रविवारी यायची. आल्या आल्या फ्रीज उघडून बघायची, बापाची औषधं मोजायची. आणि कधीतरी, भांडी पुसताना, कपडे घडी करताना, तिचं ते वाक्य यायचं.

"मी तिला ओढून न्यायला हवं होतं, बाबा. रजा काय, मिळाली असती. ती नको म्हणाली आणि मी ऐकलं."

"जाऊ दे गं," फिटर म्हणायचे. "तुझी काही चूक नाही."

कुणाची आहे, ते मात्र सांगायचे नाहीत.

असाच एक रविवार आला. मुलगी आल्यावर फ्रीजकडे गेली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, मी शाळेतली नोकरी सोडतेय."

"का? काय झालं?"

"इथे राहायला येते. ह्यांच्याशी बोलणं झालंय. तुमचं दुखलं खुपलं कोण बघणार? एकदा चुकले मी. परत नाही चुकणार."

"अगं, मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे."

"आईपण हेच म्हणत होती."

फिटर खुर्चीतून उठले. मग त्यांच्या चपलांचा आवाज कपाटाशी आला. खण उघडला. किती दिवसांनी उजेड पाहिला मी! त्यांनी मला टेबलावर पसरलं आणि हाताने घड्या सपाट केल्या.

"हे काय? हा तर हरवला होता ना?" मुलगी म्हणाली.

"तारखा वाच."

ती चष्मा लावून वाकली. पश्चिमेकडून वाचत आली. नदी ओलांडली. तिचं बोट बागेतल्या एका तळ्याजवळ थांबलं. "ही तारीख… हा सोमवार आहे. आईच्या तपासणीचा. पहिल्या वेळचा."

"हो."

"त्या सोमवारी तुम्ही बागेत होतात?"

"हो."

"आणि यंत्र?"

"यंत्र सहा दिवस आधी सुरू झालं होतं. काम संपलं होतं. मी थांबलो, कारण ह्या गल्ल्या राहिल्या होत्या." त्यांनी पूर्वेकडच्या भागावर तळवा ठेवला. "तुझ्याबरोबर जा, एवढंसुद्धा मी तिला म्हटलं नाही."

मुलीने त्यांचा तळवा बाजूला केला. एकेक तारीख वाचत ती शेवटच्या रेघेपाशी आली. ती रेघ माझ्या कोपऱ्यात आहे, नखाएवढी.

"ही शेवटची ना? काय होतं तिथे?"

"काही नाही. भिंत होती. गल्ली पुढे बंद होती. मी परत फिरलो."

तिने चष्मा काढला. मला वाटलं ती मला फाडणार. मी तयार होतो. पण ती बापाकडे बघत होती.

"दोन वर्षं मी हे डोक्यावर घेऊन फिरतेय, बाबा. दर रविवारी तुमच्यासमोर बोलून दाखवत होते. आणि तुम्ही चहा पीत होतात."

तिने पर्स उचलली आणि ती गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे चार रविवार ती आली नाही. शाळा मात्र तिने सोडली नाही, हे शेजारणीकडून कळलं. फिटरनी मला मिटलं नाही. टेबलावर तसंच राहू दिलं. माझ्या कडेला ताट ठेवून ते जेवत. एकदा वरण सांडलं, ते त्यांनी ओल्या फडक्याने हळूच टिपलं. कुणाशी बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "सांगितलं गं मी तिला." ते कुणाला म्हणाले, ते मला कळलं.

पाचव्या रविवारी बेल वाजली. मुलगी आत आली. हसली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. फ्रीज उघडून बघितला, बंद केला.

"गोळ्या घेताय?"

आधीचे फिटर असते तर "हो हो" म्हणाले असते. आता ते म्हणाले,

"काल विसरलो. परवाचीही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग पाण्याचा पेला भरून समोर ठेवला आणि ते गोळी गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा नाही. घड्या विरल्यात, कसर आत पोचलीय. मला चिकटपट्टी लावा, जपून ठेवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कागदाचं काय, दुसरा छापता येतो. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कामासाठी लांब जाल, नवी शहरं बघाल. जरूर बघा, पायी फिरून बघा. पण घरून कुणी म्हणालं की "तुम्ही आलात की जाऊ", तर माझ्यासारख्या नकाशाचं ऐकू नका. तो कितीही कोरा दिसला तरी मिटून खिशात घाला. काही गल्ल्या तशाच राहू द्या आणि घरी या.