महाराणी आणि हवालदार

वन्सं नोकरीतून निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा होत्या आणि भोकं पाडलेला एक खोका. बॅगा भावाने उचलल्या. खोक्याला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

"ताई, काय आहे यात?"

"पिल्लं. रेशमी कोंबडीची. कालच अंड्यातून बाहेर आलीत. दार लाव, वारा लागेल त्यांना."

भावजयीने दार लावलं आणि कपाळाला हात लावला. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. मागच्या खोलीत टॉवेल, शॅम्पूचे कॅन आणि मोडकी खुर्ची असायची. संध्याकाळपर्यंत टॉवेल कपाटावर गेले, खुर्ची अंगणात गेली आणि खोलीत वन्संचं आणि पिल्लांचं बस्तान बसलं.

वन्संनी उभी हयात सूतगिरणीत मुकादमकी केली होती. यंत्रांच्या खडखडाटातही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असाच आवाज त्या घरातही लावायच्या. भावजय त्यांना दबून असायची. पहिले काही दिवस दोघींचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' यापलीकडे जात नव्हतं.

पिल्लांना वर टांगलेल्या बल्बची ऊब होती. ती एकमेकांना चिकटून बसली की वन्सं बल्ब खाली घ्यायच्या, चोच उघडी टाकून कोपऱ्यात पांगली की वर करायच्या. पाण्याच्या बशीत गोट्या टाकलेल्या, म्हणजे पिणारं पिल्लू बुडायला नको. एका दुपारी एक पिल्लू मान टाकून बसलं. त्याच्या मागच्या बाजूला विष्ठा वाळून घट्ट बसली होती. वन्सं चष्मा लावून धडपडत होत्या, पण त्यांची बोटं आता आखडायची.

"द्या इकडे," भावजय म्हणाली. तिने पार्लरमधला कापूस कोमट पाण्यात बुडवला आणि फेशियल करावं तितक्या हलक्या हाताने ती जागा भिजवून साफ केली. तासाभरात पिल्लू दाण्यावर तुटून पडलं.

"हात चांगला आहे गं तुझा," वन्सं म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं. त्या रात्री तिने नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

आता खरा प्रश्न होता तो नर आणि मादी ओळखण्याचा. भिंतीपलीकडे नर्सबाई राहायच्या. त्यांची रात्रपाळी असायची आणि पहाटे घरी येऊन त्या झोपायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी हसतहसत बजावलं होतं, "कोंबड्या कितीही पाळा. पण कोंबडा आरवला तर मी तुमच्या घरी झोपायला येईन."

म्हणजे कोंबडे वेळेवर ओळखून बाहेर काढायला हवेत. पण ही जात भारी लबाड. अंगावर पिसं कसली, नुसता पिंजलेला कापूस. त्याखाली काळी कातडी आणि पायाला चारऐवजी पाच बोटं. गावठी पिल्लाचा तुरा लवकर लाल होऊन चुगली करतो, इथे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. भावजयीने ओळखीसाठी नखं रंगवायला घेतली: कोंबडी वाटेल तिला गुलाबी, कोंबडा वाटेल त्याला निळा.

"पाच बोटांची गिऱ्हाइकं," ती म्हणाली. "यांना जादा दर लावायला हवा."

वन्सं खळखळून हसल्या. पार्लरमध्ये डोक्याला मेंदी लावून बसलेल्या बायकाही उठून बघायला यायच्या आणि आपापलं मत देऊन जायच्या.

पिल्लं वाढून अंगणातल्या खुराड्यात गेली, तशी दोघींची रोज जुंपायला लागली. भावजय डोक्यावरचा झुबका बघायची. केस मागे फिरवल्यासारखा असेल तर कोंबडा, कापसाच्या बोळ्यासारखा गोल असेल तर कोंबडी. वन्संचा भर चालीवर होता. गिरणीत माणूस दारातून आत येताना बघूनच आपण त्याला जोखायचो, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांवर एकमत झालं. दोघांवरून मात्र भांडण मिटेना. एक पांढरं, डुलत चालणारं. वन्सं त्याला महाराणी म्हणायच्या. दुसरं करडं, छाती काढून दाण्यापाशी उभं राहायचं आणि इतरांना हटकायचं. त्याला भावजयीने हवालदार नाव ठेवलं होतं.

"महाराणी कोंबडा आहे, वन्सं."

"आणि तुझा हवालदार शुद्ध कोंबडी आहे."

भाऊ पेपरमागून म्हणाला, "दोघींचं एकेक खरं माना आणि संपवा."

तसंच झालं. वन्संच्या शब्दावर महाराणी राहिली. भावजयीच्या शब्दावर हवालदार निळ्या नखांच्या बाकीच्या मंडळींबरोबर गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकांकडे गेला. काकांची शहराबाहेर जागा होती आणि तिथे आरवण्याला कुणाची हरकत नव्हती.

मग एके सकाळी अंगणातल्या खुराड्यातून विचित्र आवाज आला. गंजलेली बिजागरी करकरावी तसा. वन्सं धावत गेल्या. महाराणी मान ताणून उभी होती आणि त्यांच्या देखत तिने पुन्हा बांग दिली. बाकीचे कोंबडे होते तोवर बिचारा दबून होता. ते गेले आणि त्याला कंठ फुटला.

वन्सं तिथेच बादली पालथी घालून बसल्या. भावजय बाहेर आली तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांगत होतीस. मीच ऐकलं नाही. आता नर्सबाईंना काय तोंड दाखवायचं? तुम्हाला माझ्यापायी शेजाऱ्यांची बोलणी नकोत. मी बघते दुसरीकडे कुठे खोली."

"खोली कसली बघता? मी येते बोलून."

नर्सबाई डोळे चोळत दारात आल्या. "तो कोंबडा होता? मला वाटलं तुमच्या फाटकाला तेल नाही. आत्ता चालेल हो. पण आवाज फुटला की मात्र बघा काहीतरी."

भावजय परत येते तोच फोन वाजला. काका होते. "अहो, तुमच्या हवालदाराने अंडी घातली. मी काल बघितलं. आता त्यांच्यावर बसलाय."

भावजयीने फोन कानापासून दूर धरला आणि वन्संकडे बघितलं. आधी तिलाच हसू फुटलं. मग कारण ऐकून वन्संना, आणि मग दोघींना हसण्यापुढे बोलता येईना. भाऊ दात घासायचे टाकून बाहेर आला, तरी त्याला कुणी काही सांगेना.

अदलाबदल करायची ठरली. रविवारी महाराणीला खोक्यात घालून दोघी रिक्षाने काकांकडे गेल्या. खोका उघडताच महाराणीने अंग झाडलं, तिथल्या दोन माद्यांभोवती पंख पाडून फेरा मारला आणि अशी खणखणीत बांग दिली की काकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी पदर डोळ्यांना लावला, पण चेहरा हसरा होता.

हवालदार मात्र उठायला तयार नव्हता. पेंढ्यात चपटा होऊन बसला होता आणि हात जवळ नेला की फुसकारत होता. वन्संनी वाकून बघितलं.

"पक्की खुडूक आहे. हिला आता हलवायची नाही. अंडी वाया जातील."

"मग?"

"मग काय, पिल्लं निघू देत. तोवर आपण येऊन बघून जाऊ."

रिकामा खोका मांडीवर घेऊन दोघी परत निघाल्या. रिक्षात वन्संनी विचारलं, "मी राहिले तर तुझी अडचण नाही ना गं होत?"

"होते की," भावजय म्हणाली. "टॉवेल कपाटावरून काढताना स्टूल घ्यावं लागतं. उद्या भिंतीला एक फळी ठोकून घेऊ. तुम्ही धरा, मी खिळे मारते."

रिक्षावाल्याला थांबवून वन्सं वाटेतल्या हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या. फळीची लांबी किती हवी, हे त्यांनी मुकादमाच्या आवाजात दुकानदाराला सांगितलं, ते रस्त्यापलीकडेही ऐकू गेलं.