गजाची नोंद

संपादकांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि भावाचं अक्षर दिसताच पुन्हा लावून टाकलं. शब्दकोशाच्या कचेरीत टेबलापलीकडे धाकट्याची बायको बसली होती. धाकट्याला जाऊन महिना झाला होता.

"त्यांची कार्डं आहेत, दादा. उद्या कोश छपाईला जाणार म्हणे, म्हणून आजच आणली."

त्यांनी झाकण परत काढलं. सगळ्यात वर 'गज'.

सात वर्षांपूर्वी याच टेबलाशी दोघं भाऊ सगळ्या कचेरीसमोर भांडले होते. थोरल्याने 'गज' तीनदा नोंदवला होता: हत्ती संस्कृतातला, कापड मोजायचा फारसीतला आणि खिडकीचा वेगळाच, मूळ अज्ञात.

"दादा, कापडवाले लोखंडी गजानंच मोजायचे की! तो आणि खिडकीचा एकच," धाकटा हसत म्हणाला होता.

चूक धडधडीत होती. ती चारचौघांत दाखवली हे थोरल्याला झोंबलं.

"मग दुकानातच जाऊन बस. इथे तुझं काय काम?"

धाकटा उठून गेला तो गेलाच. थोरल्याचा बाणा मोडेन पण वाकणार नाही असला. पुढे भावाची तीन पाकिटं आली, तीही त्यांनी न फोडता परत धाडली.

कार्डावर दुरुस्ती नेटकी लिहिली होती. नियम त्यांनीच घातलेला: एकाने सुचवायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्या नसतील तर नोंद छापायची नाही. 'तपासणारा'पुढे धाकट्याची सही होती. 'सुचवणारा'पुढे त्याने थोरल्याचं नाव घातलं होतं आणि सहीची जागा कोरी ठेवली होती.

"पाकिटात हेच होतं?"

"तिन्ही वेळा. म्हणायचे, दादानं स्वतःच सुधारलं असं दिसू दे."

संपादकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नवं कार्ड घेतलं. सुचवणारा म्हणून भावाचं नाव लिहिलं, तपासणारा म्हणून आपली सही केली. मग पेन भावाच्या सहीच्या जागेपाशी आलं आणि थांबलं.

तिथे सही करणारा आता नव्हता. त्यांनी नवं कार्ड फाडलं, धाकट्याचं कार्ड पुढे ओढलं आणि आपल्या नावापुढे सही केली.

"आता छापतील ना, दादा?"

"छापतील," ते म्हणाले. "माझ्या नावावर."