बाथरूमचा उतार

पहिला घाव टाइलवर बसलाच नाही, नळाच्या पाइपवर बसला. मंदाताईंनी हातोडा खाली ठेवला आणि पाइपला पोचा आला आहे का, ते बोट फिरवून पाहिलं. पाणी टाकीपासूनच बंद केलेलं होतं म्हणून निभावलं. मग त्या उकिडव्या बसल्या, छिन्नी तिरपी धरली आणि पुन्हा घाव घातला. या वेळी टाइलचा एक तुकडा उडून त्यांच्या मांडीवर पडला. अंगात मुलीचा, उन्नतीचा, कॉलेजच्या दिवसांतला सलवार-कुर्ता होता. साडीत हे काम होणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"कोण आहे तिथं?" आतल्या खोलीतून विक्रमसिंहांनी विचारलं. झटका आल्यापासून नवऱ्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ते बोलायचे.

"मीच. मिस्त्री आज पण नाही आला. मीच तोडून राहिले आहे."

कूलरची घरघर तेवढी चालू होती.

लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्या घराचं बाथरूम अंगणाच्या टोकाला होतं, सासऱ्यांच्या वेळचं. आत गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स आणि दाराशी असा उंच उंबरा, की आत जायला पाय चांगला उचलून टाकावा लागे. मंदाताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून टपाल खात्यातून निवृत्त होईपर्यंत रोज घाईघाईने तो उंबरा ओलांडत होत्या. त्याच्याकडे त्यांचं कधी लक्षही गेलं नव्हतं. विक्रमसिंह तर खेळाचे मास्तर. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलांना त्यांनी हॉकी शिकवलेली. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय नावापुरते उरले. तरी आंघोळीला कुणी सोबत नको, दार आतून बंद करणारच.

होळीच्या सुमारास ते आत पडले. मंदाताईंनी हाका मारल्या, दार बडवलं. आतून काहीच नाही. शेवटी त्या गल्लीत धावल्या. समोरचा संग्रामसिंह आणि आणखी काही जण आले, त्यांनी दार फोडलं. सगळे सरांचे जुने विद्यार्थी. हाड मोडलं नव्हतं. मुलांनी उघड्या अंगाच्या सरांना उचललं, टॉवेल गुंडाळला आणि पलंगावर आणून निजवलं. त्या दिवसापासून विक्रमसिंह बाथरूमच्या दिशेला गेले नाहीत. मंदाताई पलंगावरच ओल्या पंच्याने त्यांचं अंग पुसत. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि पुसणं संपलं तरी बराच वेळ तसेच राहायचे.

मंदाताईंना तेव्हापासून कुठे चैन पडत नव्हतं. जेवता जेवता उठून त्या गॅस बंद आहे का ते बघायच्या. टीव्ही लावायच्या आणि तो तसाच बोलत ठेवून अंगणात यायच्या. तिथे समोर तो उंबरा. अखेर त्यांनी मिस्त्री बोलावला. त्याने एका भिंतीच्या टाइल्स काढल्या, ढिगारा तिथेच टाकला आणि सिटी सेंटरकडच्या मोठ्या कामावर निघून गेला. फोन केला की म्हणायचा, "कल पक्का, आंटीजी." असे बरेच 'कल' होऊन गेले आणि एका सकाळी मंदाताईंनी माळ्यावरून सासऱ्यांची हत्यारं खाली काढली.

उन्नती इंदूरहून रोज फोन करायची. तिचं म्हणणं, घर बंद करा आणि इकडे या, नाही तर बाबांसाठी एक माणूस ठेवा, तो आंघोळबिंघोळ सगळं बघेल. आईने स्वतः हातोडा घेतला आहे हे कळल्यावर ती चिडली.

"आई, तू पागल झालीस का? या वयात मजदूरी? कमर गई तो कौन देखेगा?"

"मग काय, माणूस ठेवू? रोज एका परक्यासमोर उघडे बसतील ते?"

उन्नती म्हणाली, कधीतरी प्रॅक्टिकल व्हावं लागतं. मंदाताईंनी, बरं, म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा छिन्नी उचलली.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. उन्हं अंगणात उतरायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं, मग दुपारभर कूलरसमोर तळवे पसरून पडायचं. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. उंबरा इथल्याच पिवळसर दगडाचा होता आणि जिद्दीला पेटल्यासारखा जागचा हलत नव्हता. मंदाताईंनी मोबाइलवर लोकांची कामं बघून बघून त्याच्या खालचा चुना आधी पोखरला, तेव्हा कुठे तो डुगडुगला. ढिगारा घमेल्याने गल्लीच्या तोंडाशी नेताना बायका खिडकीतून बघायच्या. कुणी विचारलं तर मंदाताई नुसत्या हसायच्या आणि पुढे व्हायच्या.

टाइल्स आणायला त्या लोहिया बाजारात गेल्या. दुकानदाराने चकचकीत, आरशासारखा माल पुढे ठेवला. मंदाताईंनी पिशवीतली बाटली काढून एका टाइलवर पाणी ओतलं, चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल ठेवून पाहिलं. पाऊल सरकलं. दुसरी मागितली, तिच्यावरही पाणी ओतलं. दुकानात पाण्याचं थारोळं झालं, गिऱ्हाइकं बघत उभी राहिली, पण पावलाला घट्ट धरणारी एक खरबरीत, राखाडी टाइल मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. दिसायला ती अगदीच ओबडधोबड होती.

फरशी घालून झाली त्या दिवशी मंदाताई स्वतःवरच खूश होत्या. पाणी टाकून बघायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं होतं, ते कसंबसं जमलं. सकाळी बादली भरून त्यांनी आतल्या कोपऱ्यात एक मग ओतला. पाणी जरासं घुटमळलं आणि मोरीकडे न जाता सरळ दाराकडे आलं. दारात आता उंबरा नव्हता. ते मंदाताईंच्या पायांवरून अंगणात गेलं. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात मग ओतला. तेच. मग त्या ओततच राहिल्या, इकडे, तिकडे, भिंतीवर, सगळी बादली. शेवटचा मग हातातून सुटून भिंतीवर आपटला. मंदाताई तिथेच, त्या पाण्यात बसल्या. सगळी कंबर ठणकत होती. एवढं करून पुन्हा सगळं ओलंच, पुन्हा घसरायला मोकळं. ओढणी तोंडात धरून त्या रडल्या.

मागे काठी वाजली. विक्रमसिंह भिंतीला धरत धरत अंगणातून येत होते. मंदाताई घाईने उठायला लागल्या तर त्यांनी डाव्या हाताने, बस, असं खुणावलं. दाराशी येऊन ते पाण्याकडे बघत राहिले. पाऊस पडून गेल्यावर मैदानात पाणी कुठे थांबतं, ते मॅचच्या आधी बघायचे, तसे.

"दाराकडचं खाली आहे," ते म्हणाले.

"दिसून राहिलं आहे मला."

"काढ. मी... दोरी धरतो."

सिमेंट-वाळूचा मसाला अजून कच्चा होता, टाइल्स फारशा न तुटता निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताईंनी प्लॅस्टिकची खुर्ची बाथरूमच्या दारात ठेवली. उताराच्या अंदाजासाठी ताणायच्या दोरीचं एक टोक मोरीजवळच्या खिळ्याला बांधलं, दुसरं विक्रमसिंहांच्या डाव्या हातात दिलं. त्यांचा हात हलला की दोरी हलायची. ती स्थिर होईपर्यंत मंदाताई थापी हातात धरून थांबायच्या आणि मग खालचा मसाला ओढायच्या. हात थकला की ते तो गुडघ्यावर ठेवायचे आणि मंदाताई उठून चहा टाकायच्या. तुझी टाइल वाकडी आहे, असं ते म्हणाले. तुम्हीच दोरी सरळ धरा, असं त्या म्हणाल्या. त्यावर दोघांची चांगलीच जुंपली. कित्येक महिन्यांत या घरात कुणी कुणाशी भांडलं नव्हतं.

या खेपेला पाणी मोरीकडे गेलं. एका कोपऱ्यात थोडं राहत होतं, पण त्याला दोघांनीही पुन्हा हात लावला नाही.

मग भिंतीला धरायचे दांडे बसवायचे होते. त्यासाठी ड्रिल मशीन मागायला मंदाताई संग्रामसिंहाकडे गेल्या. तो म्हणाला, काकी, मी माणसं पाठवतो, तासाभराचं काम. मंदाताईंनी नको म्हटलं. तो मशीन घेऊन दारापर्यंत आला आणि सर कसे आहेत, असं त्याने मोठ्याने विचारलं, तशी अंगणात विक्रमसिंहांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मंदाताईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

दांडा कुठे बसवायचा हे ठरवायला विक्रमसिंहांना आत, स्टुलावर बसावं लागलं. कपड्यांनिशीच ते बसले. हात कुठवर पोचतो, उठताना जोर कुठे लागतो, तिथे मंदाताई खडूने खुणा करत होत्या.

"पडलात तेव्हा हात कुठे गेला होता?" त्यांनी विचारलं.

त्यांनी नळाकडे दाखवलं.

"पडल्यावरही कडीला हात पोचत होता, मंदा."

मंदाताईंचा खडूचा हात थांबला.

"तुझ्या हाका ऐकू येत होत्या. सगळ्या."

"मग ओ का नाही दिलीत?"

"वाटलं, उठेन." ते थांबले, जीभ सावरली. "थोड्या वेळात उठेन. मग आपला आपण बाहेर येईन. कुणाला कळायचं नाही."

मंदाताईंनी मशीन चालू केलं आणि भिंतीला भोक पाडायला सुरुवात केली. धूळ दोघांच्याही अंगावर उडत होती. त्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं, आणि भोक पुरेसं खोल झाल्यावरही त्यांनी मशीन लगेच बंद केलं नाही.

काम संपलं आणि दार उरलं. फुटलेली फळी सुताराकडून नवी करून आणली होती, पण तिला कडी नव्हती. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, उन्नतीनेही शपथ घातली होती. विक्रमसिंहांनी दार लोटून पाहिलं आणि विचारलं, "कडी?"

मंदाताईंनी डॉक्टरांचं सांगितलं.

"मग पुसतेस तेच बरं," ते म्हणाले आणि काठी टेकत खोलीत गेले.

मंदाताई दिवसभर घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत राहिल्या. चिडल्या, मनातल्या मनात त्यांच्याशी भांडल्या, भाजी करपवली. ते म्हणतात ते चूक आहे, असंही त्यांना ठरवता येईना. ऊन कलल्यावर त्या पुन्हा लोहिया बाजारात गेल्या आणि आतून लागेल पण वेळ पडली तर बाहेरून पेचकसाने स्क्रू फिरवून उघडेल, अशी कडी शोधून घेऊन आल्या. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवलं. मग विक्रमसिंहांना बोलावून कडी लावून दाखवली, बाहेरून उघडून दाखवली.

"आणि तू उघडणार कधी?" त्यांनी विचारलं.

"मी हाक मारली आणि तुम्ही ओ दिली नाहीत तर. तेव्हाच."

त्यांनी अंगठ्याने कडी एकदा मागे-पुढे केली.

"देईन ओ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले. कपडे डाव्या खांद्यावर टाकून, एकटे. कडी लागली. स्टूल सरकलं. मंदाताई पेचकस हातात धरून दारापासून जरा लांब उभ्या राहिल्या. मग त्यांनी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. पाण्याचा आवाज आला, थांबला.

"अहो."

"ओ."

त्यांनी तुळशीला पाणी घातलं. वाळत घातलेले कपडे काढले, ते अजून ओले होते म्हणून पुन्हा घातले.

"अहो."

"ओ."

तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा लगेच उत्तर आलं नाही. मंदाताई दारापाशी पोचल्या, पेचकस कडीला लावला, तेवढ्यात आतून, मैदानावर खेळाडूंशी बोलायचे त्या हिंदीत, आवाज आला, "अब नहाने दोगी या नहीं?"

मंदाताईंनी पेचकस खिडकीत ठेवला.

ते बाहेर आले तेव्हा सदऱ्याची गुंडी एक घर चुकून लागली होती आणि एका कानामागे साबणाचा फेस तसाच होता. मंदाताईंना दोन्ही दिसलं. त्या बाजूला झाल्या. विक्रमसिंह काठी टेकत, कुणाकडे न बघता, अंगण ओलांडून खोलीत गेले.

अंगणातल्या दगडावर त्यांची ओली पावलं उमटली होती. डावं पाऊल पुरं, बोटांसकट. त्याच्या शेजारी उजव्याचा नुसता एक लांब ओरखडा, ओढत नेल्यासारखा. पुन्हा पूर्ण पाऊल, पुन्हा ओरखडा, थेट खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. ऊन वर आलं होतं आणि दाराकडची पावलं वाळायलाही लागली होती. मंदाताई पायरीवर बसल्या आणि ती एकेक करून नाहीशी होईपर्यंत बघत राहिल्या.