'महत्त्व'मधले दोन त

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकणारी. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा मी पेन्सिल हातात घेऊन वाचते. हा गुण नव्हे, खोड आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

बावीस वर्षं मी एकाच छापखान्यात, खिडकीजवळच्या एकाच टेबलावर बसतेय. ते टेबल परवा हातचं जाता जाता राहिलं.

झालं असं, की एका अनोळखी मेलला 'सुधारित मुद्रिते' नावाची फाइल जोडून आली. मुद्रितं म्हटल्यावर मी उघडणार नाही तर कोण? उघडली आणि संगणक ठप्प झाला. भूगोलाच्या पुस्तकातली आठ प्रकरणं पुन्हा जुळवावी लागली. मालक एरवी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, आणखी एकदा असं झालं तर तुमचं ईमेल बंद करावं लागेल." हल्ली सगळी मुद्रितं ईमेलवरच येतात. ईमेल बंद म्हणजे मी घरी, हे दोघांनाही कळत होतं.

मला शिकवायला त्यांनी माझ्याच भाचीला नेमलं. छापखान्यातले संगणक तीच सांभाळते. जिला मी मुळाक्षरं गिरवायला शिकवलं, ती आता मला म्हणत होती, "मावशी, वहीत लिहून घे."

"स्पॅम म्हणजे न मागता आलेल्या जाहिराती. दाराखालून कागद सरकवून जातात ना, तसं. कटकट असते, पण बहुतेक वेळा चावत नाही. फिशिंग म्हणजे गळ टाकणं. काहीतरी खरं वाटेलसं दाखवायचं आणि पासवर्ड काढून घ्यायचा."

"आणि माझं झालं ते?"

"ते मालवेअर. फाइलच्या पोटात लपून आलं. आणि स्पूफिंग म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून मेल पाठवणं."

"म्हणजे तोतया," मी म्हणाले आणि वहीत तसंच लिहिलं.

"हो, तोतयाच. आणि अशा मेलमध्ये पुष्कळदा शुद्धलेखनाच्या चुका असतात."

हे ऐकून मी खुर्चीत ताठ बसले. चुका? मग मला कोण फसवणार? पण गर्वाचं घर खाली असतं.

दोन आठवड्यांनी मालक परगावी नवं छपाईयंत्र बघायला गेले. दुपारी त्यांच्या नावाने मेल आला. 'अतिशय महत्त्वाचे. शब्दकोशाच्या फाइली मला इथून उघडता येत नाहीत. खालील दुव्यावर आपला पासवर्ड ताबडतोब टाका. मी बैठकीत आहे, फोन करू नये.'

शब्दकोश म्हणजे आमचं अकरा वर्षांचं काम. मी पेन्सिल घेऊन मेल वाचला. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार जागच्या जागी, स्वल्पविरामसुद्धा नेमका. भाची जेवायला गेली होती. इकडे आड, तिकडे विहीर. पासवर्ड दिला आणि मेल तोतयाचा निघाला तर शब्दकोश गेला आणि मीही गेले. नाही दिला आणि मेल मालकांचा असला, तर बाईंना साधा पासवर्ड टाकता येत नाही म्हणून गेले. मला खरंच भीती वाटली. बाण दुव्यावर नेला, आणि सवयीनं पहिली ओळ पुन्हा वाचली.

महत्त्वाचे. दोन त.

आमचे मालक देवमाणूस आहेत, पण 'महत्त्व' त्यांनी जन्मात कधी दोन त घालून लिहिलेलं नाही. बावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीतल्या 'महत्वा'ला मी तो हरवलेला त मनातल्या मनात देत आलेय. तोंडावर कधी बोलले नाही. पगार देणाऱ्याचं शुद्धलेखन कोण काढतं?

फोन करू नये असं लिहिलं होतं, म्हणूनच केला. माझ्या जुन्या वहीतल्या नंबरावर.

"मालक, पासवर्ड मागणारा मेल तुम्हीच पाठवलात का?"

"कसला मेल? मी इथे यंत्रापाशी उभा आहे. काही दिलं नाहीत ना?"

"नाही."

मग ते म्हणाले, "ओळखलंत कसं?"

आता आली का पंचाईत! "मालक, त्यात एकही चूक नव्हती."

"म्हणजे?"

"तुम्ही 'महत्त्व' एकच त घालून लिहिता. ह्याने दोन घातले होते."

"मग बरोबर किती?"

"दोन."

"अस्सं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भाची आल्यावर तिने मेलचा पत्ता दाखवला. छापखान्याच्या नावात एक इंग्रजी अक्षर जास्त होतं. ते मात्र माझ्या नजरेतून सुटलं होतं. तिने माझ्या वहीतला चुकांचा नियम खोडला आणि लिहिलं, 'मेल घाई करायला लावत असेल, तर आधी त्या माणसालाच विचारावं.'

रात्रभर मला टेबल दिसत होतं. सकाळी सगळ्यांना मेल आला, मालकांच्या नावाने. 'काल ताईंमुळे आपला शब्दकोश वाचला. त्यांचे ईमेल चालु राहील. त्यांचे इथे असणे आपल्या सर्वांसाठी महत्त्वाचे आहे.'

महत्त्वाचे. दोन त! लगेच फोन लावला.

"मालक, आजचा हा मेल..."

"अहो, मीच लिहिलाय!" ते ओरडले. "तीनदा तपासून लिहिलाय!"

फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. डोळे पुसून मेल पुन्हा वाचला, तर 'चालू' त्यांनी ऱ्हस्व लिहिलं होतं. म्हणजे मालकच. सांगायला पुन्हा फोन उचलला होता, पण म्हटलं राहू दे, उद्या सांगू.